लाल रेघेपर्यंतचा भराव

पोकलेन चालू दिसलं की आपल्याकडचा माणूस गाडी स्टँडवर लावून बघत उभा राहतो. चांगला अर्धा अर्धा तास बघतो. मग शेजारच्याला सांगतो, "काय विशेष न्हाई, माती तर उकरायची." मी उभा जन्म मातीकामात काढला आणि हे वाक्य इतक्या तोंडांतून ऐकलं, की आता रागही येत नाही. म्हणजे येतो, पण दाखवत नाही.

माती उकरणं सोपं आहे हे मला मान्य आहे. अवघड आहे ते उकरलेली माती दुसरीकडं नेऊन बसवणं. धरणाचा बांध असो नाहीतर कालव्याचा भराव, रीत एकच. मुरूम वीतभर थरात पसरायचा, हवं तेवढंच पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, थर पक्का बसला का ते तपासायचं आणि मगच त्यावर पुढचा थर. पाणी कमी पडलं तर माती भुसभुशीत राहते. जास्त झालं तर रोलरखाली उशीसारखी हलते. मातीत पाणी किती आहे हे कळायला आम्ही साइटवर स्टोव्ह पेटवून तव्यावर माती भाजायचो. भाजण्याआधीचं वजन आणि नंतरचं वजन, मधला फरक म्हणजे पाणी. आमचा आचारी एकदा गावकऱ्यांना सांगत होता, "सायबाला चपात्या मी करून देतो. माती तेवढी त्यो सोता भाजून घेतो."

नव्वदच्या दशकात सातारा-सांगलीकडं कालव्यांची कामं जोरात होती. नदीचं पाणी पंपांनी उचलून दुष्काळी तालुक्यांत न्यायचं होतं. मी मूळचा मेढ्याचा, जावळीच्या डोंगरातला. आमच्याकडं पाऊस लागला की गणपतीपर्यंत छत्री मिटायची नाही. नोकरी मात्र लागली सांगलीच्या अण्णांकडं, आणि काम मिळालं कवठे महांकाळ तालुक्यात, जिथं ढग नुसतं तोंड दाखवून जातात.

अण्णा म्हणजे आमचे कंत्राटदार. जैन शेतकऱ्याच्या घरातले, घरची हळद, घरचा ऊस. ट्रॅक्टरनं लोकांचे बांध घालून देता देता मातीकामात उतरले आणि पुढं पोकलेन, टिपर, रोलर अशी फौज बाळगून होते. स्वभाव तापट. त्यांना जगात कुणी हलवू शकत नसे, एक सूर्य सोडून. दिवस मावळायच्या आत जेवण झालंच पाहिजे, हा नेम त्यांनी साइटवरच्या धुळीतही कधी मोडला नाही.

एकदा पुण्यात एका जपानी मोटार कारखान्याच्या कामाच्या पद्धतीवर शिबिर होतं. अण्णांना निमंत्रण आलं. फुकट होतं, म्हणून त्यांनी मला पाठवलं. हॉलमध्ये सगळे कारखानेवाले. शेजारच्यानं विचारलं, "तुमचं युनिट कुठं?" मी म्हटलं, "कवठे महांकाळजवळ, उघड्या माळावर." पुढं तो माझ्याशी बोलला नाही. शिकवणारे गृहस्थ जपानला राहून आलेले. त्यांचं म्हणणं साधं होतं. ज्याच्यासाठी काम करताय त्याच्या उपयोगाचं जे नाही, ते सगळं वाया. यंत्र थांबून राहिलं, वाया. माल उगाच इकडून तिकडं हलवला, वाया. केलेलं पुन्हा करावं लागलं, तर सगळ्यात वाया. ते नटबोल्टांबद्दल बोलत होते आणि माझ्या डोळ्यांपुढं आमच्या टिपरांची रांग उभी होती.

परत आलो तर अण्णांनी माझ्या गळ्यात ओढ्यावरचा भराव घातला. कालवा तिथं ओढा ओलांडत होता. खाली ओढ्याच्या पाण्यासाठी मोरी बांधून तयार होती, आणि तिच्या दोन्ही अंगांनी व वरून मातीचा उंच भराव घालायचा होता. यातली मेख अशी, की मोरी लहान असते. मोठा लोंढा आला की पाणी भरावामागं तुंबतं आणि मोरीतून सावकाश निघून जातं. भराव पुरा उंच असेल तर काही बिघडत नाही. अर्धवट असेल तर पाणी त्याच्या डोक्यावरून वाहतं, आणि एकदा का मातीच्या भरावावरून पाणी वाहिलं की भराव जागेवर राहत नाही. सगळा एकदम सुटतो आणि खाली जाऊन बसतो. कुठवर उंची गेली म्हणजे धोका टळला, हे दाखवायला मोरीशेजारी लोखंडी खांब रोवून त्यावर एक लाल रेघ मारली होती.

खाली बौद्ध वस्ती होती. घरं, छोटा विहार, ओढ्याकाठची रानं. आदल्या वर्षी दुसऱ्याच एका कंत्राटदारानं भराव अर्धा करून सोडला होता. उन्हाळ्याच्या शेवटी वळीव कोसळला आणि तो भराव वस्तीत आला. माणसं वाचली, पण विहीर गाळानं भरली, दोन घरांच्या भिंती गेल्या, शेरडं वाहून गेली. कंत्राटदार निघून गेला.

म्हणून आम्ही काम सुरू करायला गेलो, तर वाटेवर बायका बसलेल्या. पुढं शकुंतला कांबळे. वस्तीतल्या अंगणवाडीच्या सेविका, पन्नाशीच्या आत-बाहेर, आवाज असा की पोकलेन चालू असतानाही ऐकू यावा. मी नमस्कार केला. त्या म्हणाल्या, "जयभीम. येक तर पुरं करा, न्हाईतर वडा मोकळा ठेवा. अर्ध्यावर टाकायचं आसंल तर आत्ताच माघारी फिरा."

आमचा मुकादम नाना पुढं झाला. "आवं ताई, हितं पाऊस कुठं पडतोय? सगळा मुलूख दुष्काळी."

"रोज पडत न्हाई म्हनूनच ह्यो वडा वंगाळ हाय," त्या म्हणाल्या. "पडतो तवा सगळा येकदम पडतो."

पावसाच्या मुलखातला असल्यानं मला ते पटलं. मी म्हणालो, "मृग निघायच्या आत भराव रेघेवर गेला नाही, तर आम्हीच तो कापून ओढा मोकळा करू."

"शब्द देताय, का गप बसवताय?"

"शब्द देतोय."

त्या उठल्या, लुगड्याची धूळ झटकली आणि वाट मोकळी झाली. नाना माझ्याकडं असा बघत होता, जणू मी मेढ्याचं घर गहाण टाकून आलोय.

पुण्यातलं शिबिर आता माझ्या कामी यायला हवं होतं. नानाची कामाची कल्पना एकच होती, पोकलेनपुढं टिपरांची लांबच लांब रांग. पाटबंधारे खात्याचा साहेब आला की तो छाती फुगवून रांग दाखवायचा. मी त्याला एका दगडावर बसवलं आणि म्हटलं, एका टिपरकडं बघ, दुसऱ्याकडं बघू नको. तो टिपर रांगेत उभा राहिला, मग भरला, गेला, भरावावर पुन्हा खोळंबला, ओतला, परत येऊन रांगेत उभा. नाना म्हणाला, "ड्रायव्हरनं दोन इड्या वडल्या की वो." मी म्हटलं, आता यातले थोडे टिपर कमी करू.

"कमी? काम वाढवायचंय का बुडवायचंय?"

टिपर कमी केले, आणि माती तेवढीच पडू लागली. रांग गेल्यामुळं उगाच मागं-पुढं करणं थांबलं. नानाला हे बरेच दिवस चेटूक वाटत होतं. दुसरी खोड म्हणजे माती कुठंही ओतायची आणि नंतर उचलून नीट टाकायची, दोनदा हमाली. आम्ही चुन्यानं चौकोन आखले, त्या चौकोनात त्या दिवशीची माती. ड्रायव्हरांना खेपेवर मोबदला मिळे, म्हणून ते वेड्यासारखे पळत. अण्णांच्या मागं लागून मी तो थरावर आणला. थर पास झाला तर सगळ्या टोळीला मिळून. आणि रोलरवाल्याला लाल फडकं दिलं. माती हलतेय असं वाटलं की फडकं लावायचं, सगळं काम थांबणार, कुणी त्याला शिव्या द्यायच्या नाहीत. शिव्या न देणं हा भाग सगळ्यांना फार जड गेला.

रोज संध्याकाळी उद्याचं ठरवायला सगळे उभ्या उभ्या जमायचो. सूर्य खाली निघालेला, अण्णांचा डबा गाडीत, त्यामुळं फाटे फोडायची कुणाची छाती नव्हती. पुण्याचे ते गृहस्थ बैठका लहान ठेवा म्हणून घसा कोरडा करत होते. आमच्या बैठका अण्णांच्या भुकेनं लहान ठेवल्या.

राहिली अमावस्या. आमच्याकडं अमावस्येला यंत्र चालवत नाहीत. नारळ, लिंबू, उदबत्ती आणि सुट्टी. मोठ्या कंपन्यांचे इंजिनियर यावर डोकं आपटून घेत. मी पोकलेनवाल्या बसाप्पाला विचारलं, "चालवायचं नाही, पण हात लावायचा की नाही?" बसाप्पा जतकडचा, घरात कानडी बोलणारा, अंगानं पहाड आणि कामात फार नाजूक. त्याच्या बकेटनं कापलेला उतार बघून न्हाव्याची आठवण व्हायची. तो म्हणाला, "हात लावायचा की. पूजाच असती न्हवं."

"मग पारोशा यंत्राची पूजा करतोस?"

त्याला ते लागलं. तेव्हापासून दर अमावस्येला यंत्रांची आंघोळ. धुणं, ग्रीस, फिल्टर, नटबोल्ट, तेलाच्या नळ्या बोटांनी चाचपून बघणं, आणि मग नारळ. बिघाड निम्म्यावर आले. जपानी लोक जे वेळापत्रक भिंतीवर लावतात, ते आमच्याकडं पंचांगात होतं.

भराव चढत होता. शकुंतलाताई अंगणवाडी सुटली की येऊन खांबाकडं बघून जायच्या. मी मात्र त्यांच्या चेहऱ्यावरून काम किती झालं ते बघायला लागलो होतो.

मग माती फुगली. पाण्याचा टँकर बाहेरचा, भाड्याचा. बाकी सगळ्यांना थरावर मोबदला आणि त्या टँकरवाल्याला एकट्याला खेपेवर. शिवा त्याचं नाव, गाणी म्हणत गाडी चालवणारा हसरा गडी. आमचा वेग वाढला तसा त्यानंही वाढवला. सगळीकडं शिंपडत फिरायला वेळ लागतो, म्हणून तो एका अंगाला उभा राहून टाकी रिकामी करायचा आणि पळायचा. रोलरवाल्यानं फडकं लावलं तोवर एका बाजूचे थरावर थर आतून भिजले होते. पाय दिला की डुगडुगत होते. अण्णा म्हणाले, उन्हानं वाळेल. मी म्हणालो, वरचं वाळेल, आतलं नाही. भिजलेलं सगळं उकरून बाहेर काढलं. शिवा कोपऱ्यात उभा राहून म्हणाला, "सायेब, पानी कमी पडू दिलं न्हाई म्या." त्याचं खरंच होतं.

यात जे दिवस गेले ते परत येणार नव्हते. मृग जवळ आला आणि वैशाखातली अमावस्या मध्ये आडवी पडली. आदल्या संध्याकाळी नानाच पुढं झाला. "ह्या अमुश्येला चालू ठिवू. वस्तीत पोरंबाळं हायती. द्येव समजून घील." मला भरून आलं. ज्या माणसांना टिपर कमी केलेला सोसत नव्हता, ती आपणहून आपली रीत मोडायला निघाली होती. शेवटी बसाप्पा म्हणाला, "सगळे म्हनतायसा तर चालवतो. मनाला बरं वाटत न्हाई." मी हो म्हटलं.

नारळ सकाळी घाईघाईनं फुटला. आंघोळ राहिली. दुपारी पोकलेनच्या तेलाची नळी फुटली, बघता बघता तेल वाहून गेलं आणि पंप कोरडा फिरून जाम झाला.

बसाप्पा खाली उतरला. "म्या सांगितलं व्हतं. अमुश्येनं दावला इंगा."

"बसाप्पा, नळी चिरलेली होती. आज धुतलं असतंस तर बोटाला लागली असती."

"तेच म्हनतोय की," तो म्हणाला.

दोघं एकच गोष्ट बोलत होतो हे कळायला मला थोडा वेळ लागला. ज्या रितीला मी कामाला जुंपलं होतं, तीच मी कामाच्या घाईत मोडली होती.

दुसरं पोकलेन मिळेना. मृगाआधी सगळ्यांचीच घाई. अण्णांनी सांगलीपासून कराडपर्यंत सगळं पालथं घातलं. पंप दुरुस्त होऊन आला तोवर मृग निघायला आला होता, आणि रेघ अजून माणूसभर वर होती. रोज संध्याकाळी विटा-खानापूरच्या अंगाला आभाळ काळं व्हायचं.

खात्याच्या साहेबांना विचारलं. ते म्हणाले, कापा, पण तुमच्या जबाबदारीवर. मग मी अण्णांना सांगितलं.

"भरलेलं कापायचं?" अण्णा ओरडले. "आरं, तूच सांगत व्हतास ना, केलेलं परत करायचं म्हंजे सगळ्यात वाया? ते पुन्याचं शान्यासारखं बोलनं कुठं गेलं?"

"शब्द दिलाय, अण्णा."

"मला विचारून दिला व्हतास?"

"नाही."

अण्णांनी भरावाकडं बघितलं, मग वस्तीकडं, मग सूर्याकडं. "मी जेवाय चाललो," ते म्हणाले. "जेवताना मला काय दिसत न्हाई." डबा घेऊन ते लांबच्या बाभळीखाली आमच्याकडं पाठ करून बसले. एरवी दोन मिनिटांत उरकणारे अण्णा त्या दिवशी फार सावकाश जेवले.

बसाप्पाला म्हटलं, मोरीशेजारी कापायला घे. तो पोकलेनच्या साखळीपट्ट्यावर बसून होता. "म्या भरलंय त्ये," तो म्हणाला. "म्या न्हाई कापनार." नानानं समजावलं, तो हलेना. मग मी स्वतः केबिनमध्ये चढलो. मला ते यंत्र येत नव्हतं म्हटलं तरी चालेल. दांडा ओढला तर बकेट भलतीकडं गेली आणि भरावाच्या कडेचा लचका तुटला. बसाप्पा उठून धावत आला.

"उतरा! उतरा खाली! असं वाकडंतिकडं कापल्यावर पानी गेलं म्हंजे सगळं बसंल!"

मी उतरलो. तो चढला आणि कापायला लागला. ज्या हातानं थर चढवले होते त्याच हातानं त्यानं ते उतरवले, दोन्ही अंगांना सुबक उतार देत, खाली ओढ्याच्या तळापर्यंत. रोलरवाले, टिपरवाले, शिवासुद्धा उभे राहून बघत होते. आमच्या उन्हाळ्याचं सगळं काम बकेटबकेटनं बाजूला पडत होतं. शकुंतलाताई वस्तीच्या तोंडाशी उभ्या होत्या. काप पुरा झाल्यावर त्या वळून घराकडं गेल्या.

आणि पाऊस आला नाही.

मृग कोरडा गेला, पुढची नक्षत्रं कोरडी गेली. ढग गडगडायचे, चार थेंब टाकायचे आणि कर्नाटकाकडं निघून जायचे. ओढ्यात मोरीपुरतंही पाणी आलं नाही. आमच्या कापातून धनगरांची मेंढरं ये-जा करू लागली. खात्यात त्याला शेलारची खिंड म्हणू लागले. शेलार म्हणजे मी. शेजारच्या साइटवरचे लोक मला चहाला बोलवून विचारायचे, "मग साहेब, वाहून गेलं का काही?" मीही हसायचो, पण खोलीवर आल्यावर वाईट वाटायचं. जरा थांबलो असतो तर? अण्णा मात्र यावर कधी अवाक्षर बोलले नाहीत, आणि तेच मला जास्त लागत होतं.

पावसाळा उलटल्यावर काम पुन्हा सुरू करायचं होतं. काप कसा भरायचा ते बघायला मी मोटरसायकलवरून गेलो. शकुंतलाताई अंगणवाडीच्या पोरांना खाऊ वाटत होत्या. मी म्हटलं, "ताई, आता काप भरून घेतो. या खेपेला रेघेच्या वर नेऊनच थांबतो."

"भरा की. पन तुमी आसं तोंड पाडून का हायसा?"

"काही नाही. पाऊसच आला नाही. लोक हसतात. उगाच कापलं म्हणतात."

त्यांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. "उगाच? आवं सायेब, गेल्या साली त्यो भराव फुटल्यापासनं रातीचं गडगडलं की आमची सगळी वस्ती उठायची. पोरं काखंला मारून, म्हाताऱ्यांना धरून माळावर जाऊन बसायची. थेंब पडू न्हाईतर न पडू. यंदा किती बारी गडगडलं, तुमीच आयकलं आसंल."

"ऐकलं."

"आमी न्हाई आयकलं," त्या म्हणाल्या. "आमी झोपलो व्हतो."